चार पहिल्या ताकिदी

१

गोदामात मेलेला हमाल सव्वीस वर्षांचा होता. पिंपावर 'साबणाचा कच्चा माल' असं छापलेलं होतं, म्हणून गळती पुसायला तो हातात फडकं घेऊन बिनधास्त गुडघ्यांवर बसला. पिंपात साबणाचं काहीच नव्हतं, विषारी रसायन होतं. दहा मिनिटांत त्याचा श्वास कोंडला आणि गाडी दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच्या मरणाची चौकशी पोलिसांकडे होती. माझ्याकडे आले ते कागद. मी कस्टमच्या दक्षता विभागात आहे. आपल्याच खात्यातल्या माणसांवर नजर ठेवायची, हे माझं काम. मी कुठल्याही कार्यालयात शिरले की चहा लगेच येतो आणि गप्पा लगेच थांबतात.

सुरुवात मी ज्यांचा माल होता त्या कंपनीपासून केली. तिथल्या कारकुनाने टेबलावर चार पत्रं ओळीने मांडली. चारही आमच्या कार्यालयाची ताकीदपत्रं, गेल्या आठ महिन्यांतली. आयात मालाचं नाव खोटं सांगितल्याबद्दलची.

याबाबतचा नियम अगदी सरळ आहे. पहिल्या चुकीला पहिली ताकीद. दुसऱ्या चुकीला दुसरी, दंडासकट. तिसऱ्यांदा तेच केलं तर तिसरी ताकीद, आणि तिच्यासोबत माल जागच्या जागी अडवायचा, गोदाम उघडून प्रत्येक पिंप तपासायचं.

"वाचा मॅडम," कारकून म्हणाला.

मी वाचलं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'आपणांस ही पहिली ताकीद देण्यात येत आहे.' दुसऱ्या पत्रातही पहिलीच. तिसऱ्यातही. चौथं पत्र हमाल मरण्याच्या अकरा दिवस आधीचं होतं. त्यातही पहिली.

चारही पत्रांखाली मंजुरीची सही एकाच बाईंची.

"तुम्हाला हे विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं की. पण आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, कोणता तरी देव पावलाय, तू तोंड बंद ठेव."

"देव फुकट पावत नाही. काय पोचवलंत?"

"काही नाही हो! मी एकदा गेलो होतो त्या साहेबबाईंकडे, हातापाया पडायला. आदल्याच आठवड्यात तासभर बोललो होतो त्यांच्याशी. तरी ओळखसुद्धा दाखवली नाही. कोण तुम्ही, म्हणे. म्हटलं, असतो एकेकाचा तोरा."

मी पत्रं ताब्यात घेतली. आठ महिने कुणीतरी या कंपनीचा हिशेब दरवेळी कोरा करून देत होतं, आणि अशी मेहेरबानी करणारी माणसं मी पुष्कळ पकडली होती. तेव्हा तरी मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

२

बंदराच्या भिंतीला लागून आमचं ते कार्यालय. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, तिच्या टोकाला काचेची केबिन. केबिनमध्ये बसत त्या आक्का. सगळं कार्यालय त्यांना आक्काच म्हणे. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दीड महिना उरलेला. त्यांनी मंजूर केल्याशिवाय एकही ताकीदपत्र बाहेर जात नसे. त्यांची कीर्ती माझ्याही कानांवर होती: मसुद्यात वेलांटी चुकली तरी कागद परत येतो, आणि कुठल्या व्यापाऱ्याने कुठल्या साली काय लबाडी केली हे कपाट न उघडता सांगतात.

बाहेर दोनच माणसं. मसुदे लिहिणारी मुलगी अंगाने लहानखुरी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. आणि बारनिशीवाले काका, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला क्रमांक देऊन ते रवाना करणारे.

मी आधी त्या कंपनीची फाईल मागवली. फाईल आली. आत पावत्या होत्या, मालाच्या याद्या होत्या. ताकीदपत्रांचे मसुदे मात्र नव्हते. कागद जिथे ओवतात तिथे दोऱ्याला फाटके कोपरे तेवढे लटकत होते.

"कोणी काढले?" मी विचारलं.

काकांनी चिमणीकडे पाहिलं. चिमणीने फरशीकडे.

"पहिल्या चुकीची की दुसऱ्या, हे कोण ठरवतं? संगणकात नोंद असते ना?"

"असते," काका म्हणाले, "पण ते यंत्र उघडेपर्यंत चहा गार होतो. आक्कांना विचारलं की झालं. वीस वर्षं आम्ही आक्कांनाच विचारतोय. एकदा चुकल्या असतील तर शपथ."

तेवढ्यात चिमणी एकदम उठली. "मॅडम, मसुदे मी लिहिते. 'पहिली' मीच लिहिलं. चारही वेळा. चूक माझी आहे."

वाक्य पाठ केल्यासारखं आलं. मी तिला काही विचारणार इतक्यात केबिनचं दार उघडलं.

"तिला बसू द्या," आक्का म्हणाल्या. "तुम्ही आत या. तुम्हाला हवं ते मी देते."

३

पांढरं सुती लुगडं, घट्ट अंबाडा, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. मी बसले तशी त्यांनी माझ्या खात्यातल्या एका जुन्या साहेबांची चौकशी केली आणि बावीस वर्षांपूर्वी त्या दोघांनी मिळून पकडलेल्या जहाजाची गोष्ट सांगितली. किती पेट्या, कुठल्या रंगाच्या, कप्तानाने कोणती थाप मारली, सगळं.

मग त्या सरळ बसल्या. "चारही ताकिदी मी मंजूर केल्या. जाणूनबुजून. लिहून घ्या."

"का?"

"मालक येऊन भेटला. गयावया करायला लागला. मी सवलत दिली."

"काय घेतलंत त्याच्याकडून?"

"ते मी सांगणार नाही. शिक्षा द्यायला तेवढं पुरे आहे."

"मालक दिसायला कसा?"

त्या क्षणभर थांबल्या. "जाडसर. मिशी ठेवतो."

"आणि मसुदे?"

"फाडून टाकले. मीच. त्या मुलीचा कशाशी संबंध नाही, हेही लिहा."

मी लिहून घेतलं, त्यांनी खाली सही केली. चार पत्रांवर होती तशीच, एकही रेघ न हलता. त्यांचा हात स्थिर होता आणि डोळे मात्र भरलेले. मरणाऱ्याचं वय किती होतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "आई आहे?" हो म्हटलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

मी वही मिटली. कबुली मिळाली की आमचं काम संपतं. अर्धा जिना उतरले आणि माझा पाय तिथेच थांबला.

त्या कंपनीला मालक नव्हताच. मालकीण होती. जाडसर, मिशीवाला असा कुणी माणूस आक्कांना भेटलाच नव्हता.

४

जिन्यातच उभी राहून मी पुन्हा पहिल्यापासून विचार केला.

मसुदे कोणी काढले, हा प्रश्न मी विचारत होते. का काढले, हे विचारायला हवं होतं. 'पहिली' असं छापलेली चार पत्रं कंपनीच्या हातात होती. त्यांच्यावरची सही काही पुसता येत नव्हती. मग मसुदे काढून कुणाचं काय लपणार? टाइप केलेल्या पत्रात नसतं आणि मसुद्यात असतं असं एकच काहीतरी: हाताने केलेल्या दुरुस्त्या. मसुदा चिमणी यंत्रावर काढायची. त्यावर पेनाने लिहायच्या त्या एकट्या आक्का. म्हणजे ज्याने मसुदे काढले त्याला आक्कांनी लिहिलेलं काहीतरी झाकायचं होतं.

आक्कांनी स्वतः ते काढले असते, तर फाईल अशी ओरबाडली नसती. वेलांटीसाठी कागद परत करणारी बाई दोरा सोडून कागद काढते. हे काम घाईचं होतं, भेदरलेल्या हाताचं.

मी वर परत गेले, पण आधी काकांच्या टेबलाशी. त्यांच्याकडे एक उभी तार होती, फाईलला लावायचे राहिलेले कागद टोचून ठेवायला.

"काका, चौथं पत्र गेलं तेव्हा मसुदा कोणी केला?"

काका घुटमळले. "चिमणी तीन दिवस रजेवर होती. वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. मीच केला, जुना नमुना पुढे ठेवून."

"आणि 'पहिली' तुम्ही लिहिलंत?"

"छे! मी ती जागा मोकळी सोडली. म्हटलं, आक्का भरतील."

म्हणजे चारही वेळा मीच लिहिलं, असं सांगणारी चिमणी चौथ्या वेळी कार्यालयात नव्हतीच. एकाच प्रकरणात दोन कबुल्या मिळाल्या होत्या आणि दोन्ही खोट्या.

"तो मसुदा फाईलला लावलात?"

काकांनी जीभ चावली. तारेवरचे कागद एकेक करत काढायला लागले. तळाशी तो होता. चिमणीला तो सापडला नव्हता, कारण तो फाईलपर्यंत पोचलाच नव्हता.

मोकळ्या जागेत आक्कांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'पहिली'. आणि समासात, त्याच सुबक अक्षरात, आणखी दोन ओळी:

'या कंपनीचं नाव आजवर आपल्याकडे आलेलं नाही. नवीन दिसते. रागावून नको, समजावून लिहा.'

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो हातात धरून बसून राहिले.

५

चिमणीला मी गच्चीवर नेलं. खाली बंदरात क्रेन माल उतरवत होती. मी मसुदा तिच्यापुढे धरला.

"बाकीचे तीन घरी आहेत ना?"

ती रडायलाच लागली. मी तिला रडू दिलं.

"दुसऱ्या वेळी मी 'दुसरी'च लिहिलं होतं," ती शेवटी म्हणाली. "आक्कांनी ते खोडलं, 'पहिली' केलं, आणि बाजूला लिहिलं, 'नीट तपासून लिहीत जा.' मला वाटलं, आधीची ताकीद मागे घेतली असेल. आक्का चुकतील, हे डोक्यातच येत नाही हो कुणाच्या. त्यांनी मला पेन धरायला शिकवलंय."

"आणि तिसऱ्या वेळी?"

"तेच. 'तिसरी' खोडून 'पहिली'. पत्र गेलं. दुपारी मी धीर करून आत गेले, म्हटलं, आक्का, या कंपनीचं हे तिसरं होतं ना? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, कुठली कंपनी? सकाळी सही केली होती त्यांनी, मॅडम. सकाळी."

तिने ओढणीने डोळे पुसले. संध्याकाळी ती आक्कांच्या घरी गेली होती. दार मास्तरांनी उघडलं. मास्तर म्हणजे आक्कांचे यजमान, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आक्का विसरतात हे त्यांना वर्षभर माहीत होतं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, हे वाढतच जाणार. "त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. चार महिने राहिलेत, म्हणाले. तिला मानाने घरी येऊ दे. एवढंच मागतो, पोरी. मी हो म्हटलं."

"मग?"

"मग रोज मी त्यांच्या प्रत्येक सहीनंतर नोंदी बघायचे. चुकलं असेल तर दुसरा कागद करून परत पुढे ठेवायचे. सही राहिली, आक्का, म्हणायचे. त्या करायच्या. एकही चुकू दिलं नाही. एकही. तीन दिवस कामावर आले नाही, आणि..."

"तिसऱ्या पत्राची दुरुस्ती का नाही पाठवली? कंपनीला कळवता आलं असतं."

"कारण लिहावं लागलं असतं," ती म्हणाली. "काय कारण लिहू?"

दक्षतेच्या नोकरीत माणसं पैशासाठी, पदासाठी, भीतीपोटी खोटं बोलताना पाहिली होती. इतक्या मायेने कागद लपवणारं पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्या मायेखाली एक माणूस मेला होता. तिला जवळ घ्यावं की खडसवावं, मला समजेना. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. वही काढली आणि तिचा जबाब घेतला.

६

आक्का केबिनमध्ये तशाच बसलेल्या होत्या. मी दार लावलं.

"कंपनीची मालकीण बाई आहे, आक्का."

त्यांनी डोळे मिटले.

"पत्रं मला परवा कळली," त्या म्हणाल्या. "हमाल गेल्याची बातमी आली तेव्हा ही पोर केबिनमध्ये येऊन रडली, तेव्हा. चारही पत्रांच्या प्रती मी पाहिल्या. सही माझी. पण त्यातलं एकही पत्र मला आठवत नाही. तुम्हाला सांगून कळायचं नाही, ते कसं असतं. आपल्याच घरात कुणीतरी वावरून गेल्यासारखं."

"मग लाच घेतल्याचं खोटं कशाला?"

"विचार करा ना. मी लबाड ठरले तर एक प्रकरण बुडेल. मला शिक्षा होईल, माझी पेन्शन जाईल, लोक थुंकतील. पण मी विसरते असं ठरलं, तर गेल्या दोन वर्षांतली माझी प्रत्येक मंजुरी संशयात येते. ज्यांना मी कडक पत्रं पाठवली ते सगळे उठतील. ज्यांना सोडलं त्यांच्या गोदामांत आज काय पडलंय, कुणास ठाऊक. आणि ती पोर. तिला माहीत होतं आणि ती गप्प बसली, असंच होणार ना त्याचं? माझ्या लबाडीत ती निर्दोष राहते. माझ्या आजारात ती अडकते."

त्यांचं बोलणं इतकं मुद्देसूद होतं की क्षणभर मलाच शंका आली, ही बाई खरंच विसरते का?

"पण आक्का, ज्यांना सोडलंत त्यांची गोदामं उघडून बघायला नकोत? तुम्ही लबाड ठरलात तर ती कुणीच उघडणार नाही. अशी आणखी पिंपं कुठे असतील तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं ज्या नजरेने मसुदे वाचले असतील, त्या नजरेने. मग मघाशी सही केलेला कबुलीचा कागद माझ्याकडून मागून घेतला, त्यावर एक तिरकी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. खरं तेच लिहा. उघडा सगळी गोदामं."

मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "आई आहे का हो त्याची?"

तासाभरापूर्वी त्यांनी मला हेच विचारलं होतं.

"आहे," मी म्हटलं.

७

गोदामं उघडली. तसलाच माल आणखी दोन ठिकाणी सापडला आणि जप्त झाला. कंपनीच्या मालकीणबाईंवर खटला उभा राहिला. आक्कांना आजारपणाच्या कारणावरून घरी पाठवलं. निरोप समारंभ झाला नाही. चिमणी निलंबित झाली. माझ्याच अहवालावरून. अहवालात मी तिच्या बाजूने जेवढं लिहिता येईल तेवढं लिहिलं होतं, पण ती परत कामावर आली नाही. काका म्हणाले, कुठल्याशा दुकानात लागली, तिथे तिला काही लिहावं लागत नाही.

पाच महिन्यांनी मास्तरांचा फोन आला. "ती एकसारखी म्हणतेय, त्या मुलाच्या आईला भेटायचंय. आज सकाळपासून लक्षात आहे तिच्या. मला एकट्याने न्यायचा धीर होत नाही. तुम्ही याल?"

दुपारी मी गाडी घेऊन गेले. हमालाची आई एका खोलीत राहत होती. भिंतीवर मुलाचा फोटो, शेजारी खुंटीला त्याचा निळा सदरा अजून तसाच. आक्का त्या माउलीपुढे जमिनीवर बसल्या.

"मी ती पत्रं मंजूर करायचे," त्या म्हणाल्या. "माझ्या विसरण्याने तुमचा मुलगा गेला. माफ करा, असं म्हणायचा मला हक्क नाही. नुसतं भेटायला आले."

त्या बाई आक्कांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता घराबाहेर काढतील. "कुणी पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं," त्या सावकाश म्हणाल्या. "शिव्या तरी देता आल्या असत्या. तुमच्यासारख्या म्हाताऱ्या बाईला मी काय बोलू?" आणि त्या रडायला लागल्या, मोठ्याने, छातीवर हात मारून. आक्कांनी त्यांना धरलं. दोघी कितीतरी वेळ तशाच बसून होत्या. मास्तर दाराबाहेर उभे होते, पाठ फिरवून.

परत निघालो. आक्का मागच्या सीटवर, मास्तर शेजारी. पाचेक मिनिटं गेली. मग आक्का म्हणाल्या, "अहो, कोण होत्या हो त्या बाई? किती रडत होत्या बिचाऱ्या."

आरशात मला मास्तरांचा चेहरा दिसला. वर्षभर त्यांनी लपवलं होतं, आताही लपवता आलं असतं. ओळखीच्या होत्या कुणी, एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. त्यांनी आक्कांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. पिंपं, पत्रं, सव्वीस वर्षांचा मुलगा. काही गाळलं नाही.

आक्का ऐकत गेल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. ती बातमी त्यांना पहिल्यांदाच कळत होती.

"अगं आई गं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून? आणि मी अजून त्यांना भेटलेसुद्धा नाही?" त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, गाडी वळव. आत्ताच्या आत्ता जायला हवं मला तिथे."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. आक्कांनी पदर सावरला, डोळे पुसले आणि त्या गाडी वळायची वाट बघत बसल्या.